कचेरीचा गांव

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं नळदुर्ग पाहिला असेल. सास्तूर-लोहाऱ्याकडून सोलापुरास निघालें कीं तो वाटेंतच लागतो. बोरी नदी अडवून दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळीं, १६१३ च्या सुमारास, बांधलेलें धरण, त्याच्या पोटांतील पाणीमहाल आणि पावसाळ्यांतील नर-मादी धबधबे पाहावयाचे, फराळाचे डबे सोडावयाचे आणि तुळजापुरास निघावयाचें, असा बहुतेकांचा क्रम. त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु शंभर वर्षांच्या आंत ज्या गांवाचा धनी तीनदां बदलला, त्याला इतक्यावरच निरोप देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

१८५३ सालीं निजामाच्या दरबाराकडे कंपनीच्या फौजेच्या खर्चाची बाकी तुंबली, तेव्हां वऱ्हाड व रायचूर यांजबरोबर हा धाराशिवचा मुलूखही कंपनीनें आपल्या ताब्यांत घेतला. कर्ज दरबारचें आणि गहाण पडली रयत! ठगांवरील कादंबरीमुळें नांवाजलेला मेडोज टेलर हा अधिकारी येथें आला, किल्ल्यांतच राहिला आणि त्यानें जमिनींची मोजणी सुरू केली. १८६० सालीं मुलूख निजामास परत मिळाला. देतांना कोणी रयतेस विचारलें नव्हतें. परत करितांनाही विचारलें नाहीं. जिल्ह्यास नांव मात्र नळदुर्गाचेंच राहिलें. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं मुख्य कचेरी धाराशिवास गेली आणि येथील वर्दळ ओसरली.

तरीही १३ सप्टेंबर १९४८ रोजीं पहाटे लढाई आली ती याच दारीं. सोलापुराहून हैदराबादेकडे निघालेल्या भारतीय सैन्यास बोरीवरील पूल हवा होता. तो धक्का न लागतां हातीं आला, निजामाची पलटण हटली आणि सकाळीं रणगाडे जळकोटांत पोहोंचले. १७ तारखेस हैदराबाद शरण आलें.

येथवर लिहून थांबणें सोपें होतें. रझाकारांचे अत्याचार ज्या घरांनीं सोसले, त्यांना तो दिवस खरोखर सुटकेचाच होता. परंतु पंडित सुंदरलाल यांच्या समितीला आढळलें कीं, त्यानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला आणि अधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांत हाही एक होता. सुटकेचा आनंद खरा आणि हा डागही खरा. एकाच्या स्मरणासाठीं दुसरें पुसावें, असें आम्हांस वाटत नाहीं.

राज्य बदलतें तें दरबारांत. त्याचा हिशेब चुकता होतो तो असल्या गांवांत. म्हणून पुढच्या खेपेस मुलांना पाणीमहाल अवश्य दाखवा, पण परततांना बोरीच्या पुलापाशीं घटकाभर थांबा आणि हीही हकीकत त्यांच्या कानीं घाला. घरांत त्या पिढीचें कोणी वडीलधारें असेल, तर आधीं त्यांचें ऐकून घ्या.