फलाटावर बकरी कशाला?

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. ते १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. तारीख वाचून मला तरी हसू आले. आत गेल्यावर मात्र हसण्याआधी तोंडात बोटे जातात. लाल दिवा लागला की गाडी थांबते, हिरवा झाला की सुटते, आणि सारे शहर आपोआप चालते. त्या शहरात सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, मोटारीत बसून पाहण्याचे सिनेमागृहसुद्धा आहे. आता मला सांगा, रेल्वेचे तंत्र दाखवायला सर्कस कशाला हवी?

हा प्रश्न मी उगीच विचारत नाही. एका प्रदर्शनात आमच्या गटाने पुठ्ठा, काडेपेट्या आणि सायकलचे स्पोक वापरून एक स्टेशन मांडले होते. माझ्या मैत्रिणीने फलाटावर एक बकरी उभी केली. बकरी भिंतीवरचे वेळापत्रक खात होती. परीक्षकांनी रूळ पाहिले, सिग्नल पाहिले आणि म्हणाले, "ही बकरी कशाला? विषय गंभीर आहे." गुण गेले, त्याचे काही नाही. पण उत्तर राहून गेले, ते येथे देते.

माझे म्हणणे असे की बकरी ही चेष्टा नसून त्या कामाचाच भाग आहे. या छंदात एक माप फार चालते : मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचे. म्हणजे सहा फुटी माणूस होतो एकवीस मिलीमीटरचा आणि बकरी जेमतेम आठ मिलीमीटरची! एवढ्याशा बकरीला शिंगे लावायची म्हणजे श्वास रोखून बसावे लागते. (जमाखर्चाची वही लिहिताना मी इतकी स्थिर कधी बसत नाही, हे आमच्या सरांना कळू नये.) आणि विनोद साधतो तो आजूबाजूचे सगळे अचूक असेल तेव्हाच. रूळ वाकडे, सिग्नल खोटा, आणि वर बकरी, तर तो नुसता पसारा. रूळ सरळ, सिग्नल खरा, वेळापत्रक बिनचूक आणि ते बकरीच्या तोंडात, तर पाहणारा थबकतो, हसतो आणि मग बाकीचेही नीट पाहू लागतो.

याला मोठा दाखला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील माँटेरे येथे जॉन ॲलन नावाचे गृहस्थ होते. १९७३ साली ते वारले. त्यांची छोटी रेल्वे या छंदातल्या जगात सर्वांत नावाजलेली. मित्रमंडळी जमवून ते खऱ्या रेल्वेसारख्या गाड्या चालवीत. त्या रेल्वेचे नाव त्यांनी 'गोर अँड डॅफेटिड' ठेवले होते. लिहायला भारदस्त, पण इंग्रजीत मोठ्याने म्हटले की 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असे ऐकू येते! आणि तिथे शंटिंगला कोण? तर एम्मा नावाची डायनोसॉर, पाठीवर पाती असलेली. वॅगनी ओढायला इंजिनाऐवजी ती. ॲलन यांना गंभीर म्हणायचे की नाही, हे आमच्या परीक्षकांनी ठरवावे.

जर्मनीत हँबुर्गला २००१ साली उघडलेल्या 'मिनिआटुर वुंडरलँड'मध्ये क्नुफिंगेन नावाचे काल्पनिक गाव आहे. बिचाऱ्या गावाला पुन्हा पुन्हा आग लागते आणि बंब धावत सुटतात. प्रेक्षकांना दाबायला बटणे आहेत, ती दाबली की कुठे ना कुठे काहीतरी गंमत घडते.

अर्थात अतिरेक मलाही नको. इंचाइंचावर विनोद पेरला की स्टेशनची जत्रा होते. एका फलाटावर एक बकरी पुरे.

आपली अडचण वेगळीच आहे. या मापाची तयार माणसे बनविण्यात प्रायझर या जर्मन कंपनीचे नाव मोठे. पण हॅट-कोटातला तो साहेब आपल्या फलाटावर उभा केला तर पाहुणाच वाटणार. लाल सदऱ्यातला हमाल, चहाची किटली घेतलेला पोऱ्या, ट्रंकेवर झोपलेले आजोबा, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी काकू, हे आपल्यालाच घडवावे लागतील. आपला विनोद आयात करता येत नाही, आणि खर्चाच्या दृष्टीने ते बरेच आहे. माती, तार आणि उरलेला रंग एवढे भांडवल पुरते.

माझ्या नेरडीगोंड्याला रेल्वे नाही. हमरस्त्यावरून ट्रक जातात. गाडी पकडायला आम्ही आदिलाबादला जातो. म्हणून मी घरीच टेबलावर रेल्वे आणायची ठरवली आहे. आमचा कुंतला धबधबा सुमारे १४७ फुटांचा, तो या मापात एक फूट आठ इंच होतो, म्हणजे टेबलावर सहज मावतो. त्याच्याखाली पूल, पुलाशेजारी स्टेशन. नावही ठरले आहे. माझ्या आईचे माहेर बीदरकडचे, त्यामुळे घरात मराठीइतकीच कन्नड चालते. कर्नाटकात भुताने दार ठोठावू नये म्हणून लोक भिंतीवर 'नाळे बा' लिहीत, म्हणजे 'उद्या ये'. भूत वाचून परत जाते, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तेच वाचते. ज्या गावाला रेल्वे नेहमी उद्याच येणार, त्याच्या स्टेशनला 'नाळेबा रोड' याहून योग्य नाव कोणते? भूतही तिथे बाकावर बसलेले असेल, हातात तिकीट धरून.

पाटी मात्र आपल्या अंकाच्या कन्नड विभागातल्या कुणा मित्राने रंगवून द्यावी. माझे कन्नड अक्षर फार वाकडे आहे.