स्मृतिभ्रंश : निदानाला विलंब, शुश्रूषेत भाषेची अडचण

साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने मांडला. तरीही घरोघरी त्याची बोळवण ‘म्हातारचळ’ या एका शब्दात होते आणि निदान लांबते. किराण्यातली एखादी वस्तू विसरणे वेगळे. आयुष्यभर केलेली आमटी कशी करायची हेच न आठवणे वेगळे. नेहमीची वाट चुकू लागली, पैशांचे व्यवहार जमेनासे झाले किंवा स्वभाव पालटला, तर तपासणी हवीच. थायरॉइडचे विकार वा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही अशी लक्षणे उद्भवतात आणि ती उपचारांनी सुधारू शकतात.

निवासी केंद्र निवडताना कुटुंबे बहुधा इमारत आणि खोल्या पाहतात. अनेक रुग्णांची अस्वस्थता मात्र सायंकाळनंतर वाढते. त्या वेळी प्रशिक्षित परिचारक किती असतात, हे क्वचितच विचारले जाते. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक पेच आहे. नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि रुग्ण मातृभाषेकडे परततो. बंगळुरू वा हैदराबादच्या केंद्रात ‘तहान लागली’ हे समजणारे कोणी आहे का, याची चौकशी शुल्काच्या आधी केलेली बरी.