‘कायम’ कोण, आणि कोणासाठी?

‘कायम’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ ‘उभा असलेला’. जे उभे आहे, ढळत नाही, ते कायम. शाश्वत, चिरंतन हे संस्कृत शब्द देवळात व ग्रंथांत राहिले; कचेरीत, शेतात आणि कारखान्याच्या दारात ‘कायम’नेच ठाण मांडले. त्यामुळे या शब्दाचा अर्थ कोशापेक्षा व्यवहारातच शोधणे भाग आहे.

१७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणली. तीत कायम झाला तो जमीनदाराने कंपनी सरकारास द्यावयाचा सारा. कुळाने जमीनदारास द्यावयाचा खंड मात्र मोकळाच राहिला आणि वाढत गेला. एकाच्या स्थैर्याची किंमत दुसऱ्याने अस्थैर्याने चुकवली.

मुंबईच्या कापड गिरण्यांत बदली कामगार सकाळी दाराशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर त्याला त्या दिवसाचे काम. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहता खरा ‘कायम’ तोच म्हणायचा, कारण उभा तोच होता! कामगारांना वर्षानुवर्षे बदली वा हंगामी ठेवून कायमपणाचे हक्क नाकारण्याच्या या रीतीला महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित प्रथा ठरविले. मालकांनी मग मध्ये कंत्राटदार उभा केला. मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला २०१७ साल उजाडले. कचरा तर कधीच हंगामी नव्हता.

याच शब्दाची दुसरी बाजू शिक्षकांनी भोगली. महाराष्ट्र शासनाने २००१ पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदान’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण घेतले. येथे कायम झाली ती शासनाची नकारघंटा. गिरणी कामगार जो शब्द मिळावा म्हणून झगडला, तोच शब्द पुसला जावा म्हणून शिक्षकांना रस्त्यावर यावे लागले. २००९ साली प्राथमिक व माध्यमिक शाळांपुरता तो वगळलाही गेला. अनुदान मात्र लगेच आले नाही. पुढे आले तेही टप्प्याटप्प्याने.

२०१८ साली केंद्र सरकारने सर्वच उद्योगांना ठरावीक मुदतीच्या नोकरीची मुभा दिली. त्या मुदतीत वेतन व सवलती कायम कामगाराइतक्याच, असे आश्वासन सोबत आहे. पण मुदत संपल्यावर ती वाढवून मिळावी असे वाटणारा कामगार युनियनची वर्गणी भरताना दहादा विचार करणार, हे कोणत्याही कार्यकर्त्याला सांगावे लागू नये. तेव्हा मागणीपत्रात ‘कायम करा’ एवढेच लिहून भागणार नाही. पद कोणते, कोणत्या तारखेपासून, कोणत्या वेतनश्रेणीत आणि मागील सेवा धरून की सोडून, हेही त्याच ओळीत आले पाहिजे.