नांदेडची गाडी आणि तिकिटाचा हक्क



सायंकाळी मुंबईकडे जाणारी गाडी नांदेडच्या फलाटावर लागते, त्या वेळी जनरलच्या डब्याजवळ क्षणभर उभे राहून पाहा. मुखेड, कंधार, बिलोली, किनवट या तालुक्यांतून पोटासाठी निघालेली माणसे बोचकी सांभाळीत दारात अडकलेली दिसतील. आत जागा नाही, आणि पुढे सुमारे सहाशे किलोमीटरांची रात्र आहे. त्या दारात आपल्या वस्तीतील माणसे किती असतात, हे सांगण्यास शिरगणतीची आवश्यकता नाही.

निजामाच्या राजवटीत, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड–सिकंदराबाद हा लोहमार्ग झाला. तो मीटरगेज असल्यामुळे मुंबईच्या प्रवाशास मनमाडला उतरून दुसरी गाडी धरावी लागे. ब्रॉडगेजसाठी गोविंदभाई श्रॉफ प्रभृतींनी वर्षानुवर्षे झगडा केला, तेव्हा कोठे १९९० नंतर टप्प्याटप्प्याने रुळ रुंदावले. २००३ मध्ये नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा स्वतंत्र विभाग झाला. मुख्यालय मात्र सिकंदराबादलाच राहिले. ऑगस्ट २०२५ मध्ये वंदे भारत गाडी जालन्याहून नांदेडपर्यंत आली. हे सर्व इष्टच झाले. त्या गाडीचा आम्हास हेवा नाही. पण तिला अनारक्षित डबा नाही, आणि ज्यांच्या मतांवर हे सोहळे उभे राहतात ते अद्याप दारातच लोंबकळत आहेत!

१९०१ साली बाळ भीमराव आपल्या भावासह व भाच्यांसह साताऱ्याहून गाडीने मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला आणि गाडीवान बैलगाडी देईनात. अखेर दुप्पट भाडे भरून मुलांना स्वतःच गाडी हाकावी लागली. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. तीत आमच्या वकिली नजरेस एक गोष्ट विशेष दिसते. आगगाडीच्या डब्यात त्यांस कोणी अडविले नव्हते, कारण हाती तिकीट होते. तिकीट हा करार आहे. पैसे घेतले की सुखरूप पोचविण्याची जबाबदारी आली, मग प्रवासी कोणत्याही जातीचा वा वर्गाचा असो.

या कराराचा कायदा म्हणजे १९८९ चा रेल्वे अधिनियम. त्याच्या ५७ व्या कलमाने प्रत्येक कक्षात जास्तीत जास्त किती प्रवासी न्यावयाचे, ती संख्या ठरवून ठळकपणे लावणे रेल्वेवर बंधनकारक आहे. आणि तीही हिंदी-इंग्रजीबरोबर त्या भागातील भाषेत, म्हणजे आमच्याकडे मराठीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली स्थानकावर चेंगराचेंगरीत माणसे मेली, तेव्हा हेच कलम दिल्ली उच्च न्यायालयापुढे आले. संख्या लिहिलेली असते. ती पाळली जाते काय, हे विचारणारा कोणी नसतो.

त्याहून महत्त्वाचे कलम १२४-अ. चालत्या गाडीतून प्रवासी अपघाताने पडून मृत्यू पावला, तर रेल्वेची चूक सिद्ध न करताही वारसांस भरपाई मिळते. १ जानेवारी २०१७ पासून ती आठ लाख रुपये आहे. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा वा वेडाच्या भरातील कृत्य आणि आजारासारखे नैसर्गिक कारण, एवढेच अपवाद. "तो दारात उभा होता, चूक त्याचीच," हे उत्तर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये जमीला खटल्यात निष्काळजीपणा म्हणजे गुन्हा नव्हे असे स्पष्ट केले. प्रेताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरूनही दावा बुडत नाही, हे २०१८ च्या रीना देवी खटल्याने ठरले. मात्र प्रवासाचे प्रतिज्ञापत्र वारसाने द्यावे लागते.

आमच्याकडे विधवा माउल्या येतात त्या बहुधा उशिरा. दाव्याची मुदत एक वर्षाची. उशिराचे सबळ कारण दाखविल्यास न्यायाधिकरण ती माफ करू शकते, पण त्यावर विसंबू नये. एकीचा मुलगा पडून चौदा महिने लोटले होते, आणि पंचनाम्यावर "अनोळखी इसम, रुळाकाठी" एवढेच लिहिले होते. तिला कोणी सांगितलेच नव्हते. मधल्या काळात अर्ध्या रकमेच्या बोलीवर कागद मागणारे दलाल मात्र दोनदा घरी येऊन गेले होते.

म्हणून घरचा माणूस परगावी निघाला की तिकिटाचे छायाचित्र घरी ठेवून घ्या. दुर्दैवाने अपघात झालाच, तर रेल्वे पोलिसांच्या पंचनाम्यात तो कोणत्या गाडीने, कोठून कोठे जात होता हे नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मागा. कोऱ्या कागदावर सही अगर अंगठा देऊ नका.

६ डिसेंबर जवळ आला की मुंबईसाठी विशेष गाड्या सुटतात. ती सोय वर्षातून एकदा होते. मजुरीसाठी जाणारा मनुष्य मात्र रोज जातो. त्याच्यासाठी जनरलचे डबे वाढवा आणि ५७ व्या कलमाची संख्या मराठीत लावा, असा अर्ज प्रत्येक वस्तीने नांदेडच्या विभागीय व्यवस्थापकांकडे द्यावा. एक प्रत सिकंदराबादच्या महाव्यवस्थापकांस पाठवावी. अर्ज हाती दिल्यास शिक्क्याची पोच घ्या. पोच नाकारली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा.