समुद्राच्या नोंदी आणि खरिपाचा अंदाज

जामनेरच्या बाजारात कापसाचा भाव क्विंटलवर बोलला जातो. तोच कापूस जिनिंगमध्ये जाऊन सरकी वेगळी झाली, की रुईचा भाव खंडीवर निघतो. एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात त्याच रुईचा हिशेब पौंडाला किती सेंट असा होतो. तिन्ही आकडे वेगळे असूनही व्यापारी फसत नाही. आकडा कशाचा आहे, कोणत्या मापाचा आहे, सरकीसकट आहे की सरकीविना, हे त्याला ठाऊक असते. ही माहिती गळून गेली तर आकडा निरुपयोगी ठरतो. जगभरच्या समुद्रांतून रोज गोळा होणाऱ्या नोंदींपुढे हाच प्रश्न आहे, आणि त्याचा संबंध जामनेरच्या पेरणीशीही आहे.

खान्देशातला बराचसा कापूस पावसावर अवलंबून असतो. पाऊस कधी येणार आणि मध्येच किती दिवस दडी मारणार, यावर दुबार पेरणीचे संकट ठरते. २०२३ चा ऑगस्ट आठवावा. देशात त्या महिन्याचा पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पडला. १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. नंतर राज्य सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत चाळीसगाव, शिंदखेडा आणि जामनेरला लागून असलेला सोयगाव होता. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता. मात्र १९९७ मध्ये त्याहून मोठा एल निनो असूनही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला होता. त्या वेळी हिंद महासागराचा पश्चिम भाग तापलेला आणि सुमात्राकडचा भाग थंड होता. या स्थितीला हिंद महासागरातील द्विध्रुव म्हणतात. भारत आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये तिची मांडणी केली. म्हणजे मोसमी पावसाचा अंदाज बांधायचा तर एका समुद्राकडे पाहून भागत नाही. दोन महासागरांची नाडी एकाच वेळी तपासावी लागते.

ही तपासणी कोणताही एक देश करू शकत नाही. ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे सुमारे ४ हजार फ्लोट जगभरच्या समुद्रांत आहेत. प्रत्येक फ्लोट साधारण १ हजार मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २ हजार मीटरपर्यंत उतरून वर येतो आणि वाटेतले तापमान व क्षारता उपग्रहामार्फत कळवतो. हिंद महासागरात नांगरलेल्या ‘रामा’ बोयांच्या जाळ्यात भारत, अमेरिका, जपान, इंडोनेशिया असे अनेक देश भागीदार आहेत. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था हिंद महासागरासाठी आर्गोचे विभागीय माहिती केंद्र म्हणून काम करते. समुद्र आणि वातावरण यांचे एकत्र गणित मांडणारी प्रारूपे पुण्याच्या आयआयटीएम संस्थेत विकसित होतात आणि हवामान विभाग त्यांचा वापर करतो. ती अशाच नोंदींवर चालतात. फ्लोट एका देशाचा, उपग्रह दुसऱ्याचा, साठवण तिसऱ्याकडे आणि अंदाज चौथ्याचा, अशी ही साखळी आहे.

तिच्यात गोंधळ कसा शिरतो, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जागतिक तापमानाच्या जुन्या आलेखात १९४५ च्या सुमारास सुमारे ०.३ अंश सेल्सिअसची अचानक घसरण दिसे. अनेक वर्षे तिचे समाधानकारक कारण सापडत नव्हते. २००८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते दाखवून दिले. युद्धकाळातल्या बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या. ती जहाजे इंजिनाकडे ओढल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान घेत, आणि ते किंचित जास्त येई. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या. तिथे बादली समुद्रात टाकून पाणी वर काढत. कापडी बादलीतले पाणी झिरपून, वाफ होऊन थंड होते. जुन्या मालमोटारींच्या पुढे लटकणारी कॅनव्हासची पिशवी पाणी गार ठेवत असे, त्यामागेही हेच विज्ञान आहे. थोडक्यात, त्या घसरणीत मोठा वाटा मोजण्याची पद्धत बदलल्याचा होता. प्रत्येक नोंदीसोबत ती कशी घेतली हे नेमके लिहिलेले असते, तर हे कोडे इतका काळ राहिले नसते.

आज बादल्यांची जागा संवेदकांनी घेतली आहे, पण अडचण संपलेली नाही. नोंद विश्वासार्ह आहे की नाही हे सांगण्यासाठी तिच्याशेजारी एक खुणेचा अंक असतो. अमेरिकेतून चालणाऱ्या ‘वर्ल्ड ओशन डेटाबेस’मध्ये ० म्हणजे नोंद ग्राह्य. आर्गोमध्ये ० म्हणजे नोंद अजून तपासलेलीच नाही. दोन्ही साठे न पाहता एकत्र केले, तर न तपासलेली नोंद खात्रीची म्हणून गणितात जाईल. क्षारतेचेही तसेच. १९७८ च्या पद्धतीनुसार जी क्षारता ३५ लिहिली जाते, तीच २०१० मध्ये स्वीकारलेल्या नव्या मापानुसार सुमारे ३५.१७ ग्रॅम प्रतिकिलो येते. फरक किरकोळ वाटतो, पण खोल समुद्रातले कित्येक वर्षांचे बदल याहून लहान असतात. वेळ भारतीय की जागतिक, खोली मीटरमध्ये की दाबाच्या एककात, रेखांश १८० पर्यंत मोजले की ३६० पर्यंत, अशा साध्या गोष्टीही जुळवून घ्याव्या लागतात.

यावर सर्वांनी एकच यंत्रणा वापरावी हा उपाय व्यवहार्य नाही. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांनी आपापल्या यंत्रणांवर बराच पैसा आणि मनुष्यबळ घातले आहे. म्हणून गेल्या काही वर्षांत परस्परसुसंगततेचा मार्ग धरला गेला. प्रत्येकाने आपला साठा आपल्याकडे ठेवावा; मात्र संज्ञांचा सामायिक कोश असावा, प्रत्येक नोंदीसोबत उपकरण, पद्धत, एकक आणि तपासणीची माहिती असावी आणि ती दुसऱ्याच्या संगणकाला माणसाच्या मदतीशिवाय वाचता यावी. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या यंत्रणा जोडण्याचे संघटित काम २०१२ च्या सुमारास सुरू झाले. युनेस्कोच्या आंतरशासकीय सागरविज्ञान आयोगाचा आता हेच काम जगभर नेण्याचा प्रयत्न आहे.

या कामाची एक जुनी पायरी आपल्याकडेही घडली आहे. १९६० च्या दशकात झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंद महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजे उतरली होती. त्यांच्या हवामान नोंदी एकत्र करण्यासाठी १९६३ मध्ये मुंबईच्या कुलाब्याला आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झाले. सूक्ष्म सागरी जीव गोळा करण्यासाठी एकाच मापाचे जाळे ठरवण्यात आले आणि ते २०० मीटर खोलीपासून सरळ वर ओढायचे, अशी पद्धतही ठरली. जाळे एक असल्यामुळे वेगवेगळ्या देशांचे नमुने एकमेकांशी ताडून पाहता आले. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला इथे आहे.

तांत्रिक जुळणीच्या वाटेत दोन अडथळे उरतात. पहिला सार्वभौमत्वाचा. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या विशेष आर्थिक क्षेत्रातली माहिती खुली करताना सुरक्षेचा विचार येतो आणि तो अवाजवी नाही. पाण्याच्या थरांचे तापमान पाणबुडीच्या शोधासाठीही उपयोगी पडते. दुसरा अडथळा पैशाचा. प्रशांत महासागरातल्या बोयांची देखभाल करणारे अमेरिकी जहाज २०१२ मध्ये निवृत्त झाले आणि २०१४ च्या सुरुवातीला त्या जाळ्यातून येणारी माहिती सुमारे ४० टक्क्यांवर घसरली. नेमकी त्याच वर्षी एल निनोच्या शक्यतेकडे सगळ्यांचे लक्ष होते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेतून शेकडो कर्मचारी कमी करण्यात आले. जगातल्या आर्गो फ्लोटपैकी निम्म्याच्या आसपास फ्लोट अमेरिकेचे आहेत. तिथल्या अर्थसंकल्पात कात्री लागली, तर भारताच्या अंदाजाचा एक आधारही कमकुवत होऊ शकतो.

सुसंगत नोंदींचे खरे मोल अशा वेळी कळते. एकाचे उपकरण बंद पडले तर दुसऱ्याची नोंद लगेच त्या जागी वापरता येते. २००४ च्या त्सुनामीनंतर हिंद महासागरात हे करून दाखवण्यात आले. ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबादला इशारा केंद्र सुरू झाले आणि आज भारत, ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया ही तीन केंद्रे या महासागराभोवतीच्या देशांना सूचना देतात. भूकंपमापकांच्या आणि समुद्रपातळीच्या नोंदी सीमेपलीकडे काही मिनिटांत पोहोचतात आणि वाचल्या जातात, म्हणून हे शक्य होते. त्सुनामीसाठी जे जमले, ते मोसमी पावसासाठी न जमण्याचे कारण नाही.

भारताने यासाठी करण्यासारख्या गोष्टी स्पष्ट आहेत. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र इथे स्वतःचे फ्लोट आणि बोया वाढवावेत. संवेदनशील माहिती कोणती याची नेमकी यादी करून उरलेली ठरलेल्या मुदतीत खुली करावी. संस्थांच्या कपाटांत पडून असलेल्या जुन्या जहाज-नोंदी पद्धत आणि एककांसह संगणकात आणाव्यात. संज्ञांचे कोश जिथे ठरतात, त्या समित्यांमध्ये आपली माणसे कायम असावीत. नव्या जहाजाच्या तुलनेत हा खर्च फार कमी आहे. मात्र या कामाचे उद्‌घाटन होत नाही आणि फोटोही निघत नाही, म्हणून ते मागे पडते.

याने जामनेरच्या प्रत्येक शिवारातला पाऊस आधी कळेल असे नाही. हंगामाचा अंदाज देशाचा किंवा मोठ्या विभागाचा असतो, एखाद्या महसूल मंडळाचा नसतो. त्यासाठी जमिनीवरची पर्जन्यमापके आणि स्वयंचलित हवामान केंद्रे लागतात. तिथेही हवामान विभाग, कृषी विभाग आणि पाटबंधारे यांच्या नोंदी एकमेकांशी ताडता आल्या पाहिजेत. पण पाऊस लांबणार आहे, मध्ये मोठा खंड पडणार आहे, असा भरवशाचा इशारा दोन-तीन आठवडे आधी मिळाला, तर कोरडवाहू शेतकऱ्याचे बियाण्याचे एक पाकीट वाचते आणि दुबार पेरणीचे कर्ज टळते. त्या इशाऱ्याची तयारी सुमात्राजवळच्या एखाद्या फ्लोटने पाठवलेल्या आकड्यापासून होते. तो आकडा कशाचा आहे हे हैदराबाद आणि पुण्याच्या संगणकाला बिनचूक कळले, तरच तो शेतकऱ्याच्या कामी येईल.