करारावर हात वर करण्याआधी

गेल्या महिन्यात धाकटा भाऊ चाकणहून घरी आला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "भाईजान, 12 हजार वाढतायत. रविवारी गेट मीटिंग आहे. हात वर करायचा ना?"

त्याच्या कारखान्यातल्या युनियनने व्यवस्थापनाशी ठरवलेल्या तीन वर्षांच्या वेतन कराराचा तो मसुदा होता. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आम्हाला पगारवाढीचं पत्र ईमेलने येतं, मत कुणी विचारत नाही. असा कागद मी पहिल्यांदाच पाहत होतो. रात्री एकपर्यंत आम्ही तो वाचत बसलो.

12 हजार खरे होते, पण एकदम नव्हते. पहिल्या वर्षी 6, नंतर तीन-तीन. आणि मूळ पगार व महागाई भत्त्यात जाणार होते फक्त 3 हजार. बाकीचे 9 हजार घरभाडे आणि प्रवास भत्त्यात. भाऊ म्हणाला, "हातात तर तेवढेच येणार, मग फरक काय?"

फरक आहे. ग्रॅच्युइटी मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर मोजली जाते: दर वर्षाच्या नोकरीमागे 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. मूळ पगारात 3 हजार जास्त असते, तर 20 वर्षांच्या नोकरीनंतर सुमारे 34,600 रुपये जास्त मिळतात. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरावी लागते. भावाचा पगार 24 हजारांवरून 36 हजार होणार, त्यात मूळ आणि महागाई मिळून 15 हजार. निम्मे होतात 18. म्हणजे 3 हजारांचा प्रश्न विचारणं हा त्याचा हक्कच आहे.

मसुद्यात चांगलंही होतं. मेडिक्लेममध्ये पहिल्यांदाच आई-वडील आले होते. अम्मीला शुगर आहे. तिच्यासाठी बाहेर वेगळी पॉलिसी घ्यायला गेलो तेव्हा हप्ता ऐकूनच परत आलो होतो. हा लाभ पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही, पण आमच्या घरासाठी तो दोन-तीन हजारांपेक्षा मोठा आहे.

नाही म्हणण्याचीही किंमत असते. अमेरिकेत 2024 साली बोईंगच्या सुमारे 33 हजार कामगारांनी चार वर्षांत 25 टक्के वाढीचा करार फेटाळला, मग 35 टक्क्यांचाही. शेवटी 38 टक्क्यांवर 59 टक्के कामगारांनी होकार दिला. त्यासाठी सात आठवड्यांहून जास्त काळ पगार बुडाला, आणि गेलेली जुनी पेन्शन काही परत मिळाली नाही. 1982 च्या मुंबईच्या गिरणी संपात काय झालं, ते आपल्या मोठ्यांना विचारा.

एक गोष्ट मात्र मला खटकली. पूर्ण मसुद्यात ठेकेदाराकडच्या पोरांसाठी एक ओळही नव्हती. तीच लाईन, तीच शिफ्ट, आणि वाढ शून्य. आमच्या मोहल्ल्यातून चाकणला जाणारी बहुतेक पोरं ठेकेदाराच्याच हजेरीवर आहेत. भाऊ कायम झाला म्हणून त्याला हात वर करता येतो. त्यांना गेट मीटिंगलाही बोलावत नाहीत.

रविवारी भावाने दोन प्रश्न विचारले. मूळ पगाराच्या प्रश्नावर कमिटीने पुन्हा बोलणी करायचं कबूल केलं, मतदान पुढे ढकललं. ठेकेदारीच्या प्रश्नावर सगळे गप्प.

माझं मत असं: मूळ पगार दुरुस्त झाला तर मेडिक्लेमसाठी या कराराला होकार द्यावा, आणि ठेकेदारीचा मुद्दा पुढच्या मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर लिहून घ्यावा. आणि मित्रांनो, आपल्यापैकी ज्यांना एक्सेल येतं, त्यांनी एक रविवार काढावा. तुमच्या गल्लीतही कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असा मसुदा न वाचता पडलेला असेल. त्याच्याबरोबर बसून तो वाचा.