भट्टी बदलली आणि गोळा फुटला

वाचकहो, कच्चे मडके व पक्के मडके यांतील अंतर अग्नीमुळे पडते, हे आपण जाणताच. परंतु माती तीच, साचाही तोच, आणि केवळ भाजण्याची रीत बदलल्याने वस्तू दगा देते, असेही घडते.

खुब्याचा सांधा निकामी झाला म्हणजे शस्त्रवैद्य मांडीच्या हाडात दांडा रोवून त्यावर कृत्रिम गोळा बसवितात. काही गोळे झिर्कोनिया या सिरॅमिकाचे असत. या द्रव्याचा गुण विलक्षण आहे. चीर पडू लागली की तिच्या टोकाशी असलेले कण आपली स्फटिकरचना बदलून सुमारे ४ टक्के फुगतात आणि चीर आवळून धरतात. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातील तिघा संशोधकांनी हे दाखविले, तेव्हा आपल्या निबंधाला त्यांनी ‘सिरॅमिक पोलाद?’ असा मथळा दिला होता.

फ्रान्समधील एक कारखाना असे गोळे बंदिस्त भट्टीत, एकेक खेप लावून भाजीत असे. १९९८ मध्ये तेथे बोगद्यासारखी लांब भट्टी आली. तीतून माल अखंड पुढे सरकतो. काम झपाट्याने होते. पुढे रुग्णांच्या शरीरात हे गोळे फुटू लागले आणि ऑगस्ट २००१ मध्ये ते बाजारातून परत घ्यावे लागले. फुटलेल्यांची संख्या सुमारे ४०० भरली. ज्यांचा गोळा फुटला, त्यांना पुन्हा शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले.

कारण काय? भाजताना भुकटी वितळत नाही. कण एकमेकांस जखडतात व मधल्या पोकळ्या मिटत जातात. नव्या भट्टीत गोळ्याचा गाभा पुरता घट्ट झाला नव्हता. दांड्यासाठी भोक पाडीत ते भाजल्यानंतर, त्यामुळे नेमका हा विरळ गाभा उघडा पडला. शरीरातील ओलावा आत शिरला आणि चीर नसतानाच कण फुगू लागले. राखणदारानेच भिंत पोखरावी, तसा हा प्रकार!

मग वाटेल तितका वेळ भाजावे काय? तसेही नाही. फार भाजल्यास कण मोठे होतात, आणि मोठे कण निवतानाच आपण होऊन रचना बदलतात. म्हणून आता अॅल्युमिनाच्या ताठ चौकटीत झिर्कोनियाचे बारीक कण कोंडलेले संमिश्र गोळे वापरात आहेत. भाजल्यानंतर तप्त वायूच्या प्रचंड दाबाखाली त्यांच्या उरल्यासुरल्या पोकळ्याही दाबून मिटवितात. त्यामुळे कण फार वाढू न देता गाभ्यापर्यंत घट्टपणा येतो.